सहा टाके

गोधडीसाठी ब्लाऊज उसवायचा तर आधी बाह्या, मग बगलेची शिवण, शेवटी हुकपट्टी असा क्रम असतो. हाताला तो इतका सवयीचा होतो की डोळे दुसरीकडे असले तरी कात्रीचे टोक बरोबर टाक्याखाली शिरते. मोतिया रंगाच्या त्या टू बाय टू रुबियाच्या ब्लाऊजला डाव्या बाजूला आतून मलमलीचा तुकडा लावलेला होता. टाके वाकडेतिकडे, पांढऱ्या दोऱ्याचे. एक अर्ध्या इंचाचा, तर पुढचा तांदळाच्या दाण्याएवढा. शर्टाचे बटण लावताना पुरुषमाणूस दोऱ्याचे वेढ्यावर वेढे घेतो, तसे प्रत्येक कोपऱ्यावर वेढे. असा टाका दिसला की शिवणाऱ्याचा हात तो आधी काढून टाकतो, कारण वाईट टाका कापड ओढतो. सहा टाके निघाले आणि मलमलीच्या आतून टेबलावर काहीतरी घरंगळले. कापसाचा गठ्ठा आणि त्यामागून मोहरीचे दाणे. समोर स्टुलावर बसलेले गृहस्थ अर्धवट उठले. "ते ऱ्हाऊ द्या ताई," एवढेच म्हणाले. "ते म्या लावलंय."

सहा टाके तोवर निघून गेले होते.

गोधडीसाठी आलेल्या गाठोड्यातली ही गोष्ट. बार्शीकडे तिला वाकळ म्हणणारेही पुष्कळ. गाठोडे घेऊन वडील आणि मुलगी आले होते. कपडे मुलीच्या आईचे. बाईंना स्तनाचा कॅन्सर होता, डाव्या बाजूचा. शस्त्रक्रिया झाली, दोन वर्षे बरी गेली, मग हाडांत पसरला. जाऊन चौदा महिने झालेले. एवढे दिवस कपाट तसेच होते, कारण साड्या न्यायला कुणी आलेच नव्हते. एरवी अहेवपणी गेलेल्या बाईच्या साड्या जावा, नणंदा, भाच्या आठवण म्हणून एकेक घेऊन जातात. तेराव्यालाच निम्मे कपाट रिकामे होते. कॅन्सरने गेलेल्या बाईच्या साडीला हात लागत नाही. तोंडावर कुणी बोलत नाही, "राहू दे की तुमच्याकडेच" म्हणतात. या भीतीला काही आधार नाही. कॅन्सर कापडातून, भांड्यातून, अंगाला अंग लागून कुणाला होत नाही. केमोथेरपीचा डोस दिल्यावर औषधाचा अंश दोन-तीन दिवस रुग्णाच्या लघवीतून, उलटीतून, थोडा घामातूनही बाहेर पडत राहतो, म्हणून पहिल्या ४८ तासांत त्याचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवायला सांगतात. सूचना दोन दिवसांची असते. घरातले तिचा अर्थ जन्मभराचा करून टाकतात, आणि ज्या बाईच्या हातची पुरणपोळी वीस वर्षे खाल्ली तिची साडी बोहारणीला द्यायला काढतात. याचा राग येतो, आणि तो लपवावा असे वाटत नाही.

गाठोड्यात काय येते आणि काय येत नाही, हे पाहत राहावे असे असते. येतात त्या फोटोतल्या साड्या. मुलीच्या बारशाची, घरभरणीची, कुणाच्या तरी लग्नातली आहेराची. शेवटच्या दोन-तीन वर्षांतले काही सहसा येत नाही. केस गळायला लागतात ते पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांनी. तेव्हा डोक्याची कातडी हुळहुळी झालेली असते आणि जॉर्जेटचा रुमाल टकलावरून सारखा घसरतो, म्हणून जुन्या मलमलीच्या ओढणीचा चौकोन फाडून बांधतात. तो चौकोन येत नाही. पुढून उघडणारे गाऊन येत नाहीत. काखेतल्या गाठी काढल्यावर कित्येकींचा हात सुजतो, मग डाव्या बाहीची शिवण उसवून तिथे दोन इंचाची पट्टी घातलेले ब्लाऊज येत नाहीत. यांतले काही चुकून आलेच तर घरचे माणूस ते हळूच बाजूला सारते. या मुलीनेही तळाशी गेलेले दोन फिके गाऊन उचलून पिशवीत कोंबले. "हे नकोत काकू, हे तिच्या आजारपणातले." तिच्या आवाजात ओशाळेपण होते. वडील काही बोलले नाहीत. तो मोतिया ब्लाऊज मात्र साड्यांत राहून गेला, कारण वरून तो साधा दिसत होता.

साड्या सात होत्या. त्यांतली एक पैठणी, ती आल्या पावली परत दिली. पैठणी गोधडीत घालू नये. जर अंगाला टोचते, रेशमाचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि जुने रेशीम घडीच्या रेघेवर चिरत जाते. तिला धुवट मलमलीत गुंडाळून ठेवावे, तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या ठिकाणी घालावी, डांबरगोळी कापडाला लागू देऊ नये. मग ती नातीपर्यंत टिकते. एक नायलॉनची होती. ती घाम शोषत नाही आणि सुई घातली की सरकते, म्हणून तीही बाजूला. उरल्या पाच सुती. सुतीची परीक्षा सोपी आहे. साडी खिडकीसमोर धरायची. जिथे उजेड जास्त येतो तिथे ती विरलेली. फॉल लागला होता त्याच्या वरची कड आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवायची जागा, या दोन ठिकाणी हटकून विरते. मग दोन अंगठे जवळ धरून कापड आडवे ताणायचे. फर्र आवाज आला तर ते फक्त मधल्या थरात जाईल. पदरावर डाव्या खांद्याच्या जागी सेफ्टी पिनांच्या भोकांची चाळण असते. त्याच पदराच्या टोकाला पिवळट बोटे उठलेली असतात, भाजी फोडणीला टाकून हात पुसल्याची. इथली भोके मात्र एका साडीवर उजवीकडे होती. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात वर उचलणे जमत नाही. काही महिने तिने पदर उलट्या खांद्यावर घेतला असावा.

मापे सांगायची तर सहावारी साडी म्हणजे अठरा फूट, पन्हा साधारण पावणेचार फूट. एकेरी गोधडी पाच फूट बाय सात. पाच-पाच फुटांचे तीन तुकडे एका साडीतून निघतात आणि तीन फूट उरतात. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा जोडले की एक थर झाला. साडेसात फुटांतले चार-सहा इंच शिवणीत आणि कडेला जातात. म्हणजे चार साड्यांत सहा थर. उरलेल्या चार तुकड्यांतून गोट आणि ठिगळे निघतात. तुकडे पाडताना पदर अखंड उरेल असे कापावे, कारण माणसाची खूण पदराला असते, निऱ्यांच्या कापडाला नाही. सहापेक्षा जास्त थर घेऊ नयेत. जुन्या, शेकडो वेळा धुतलेल्या सुतातून सहा थरांपार सुई जाते, त्यापुढे टाका आखडतो आणि गोधडी पाटासारखी ताठ होते.

धुण्यावर गाडी अडली.

हिरवी इरकल होती. लाल काठ, टोप पदर. "हिला धुवू नगा," वडील म्हणाले. तिने ती शेवटची नेसली आणि घडी करून ठेवली, त्यानंतर पाणी लागलेले नाही. त्यांनी घडी नाकाशी नेली नाही, फक्त हात तिच्यावर ठेवून बसले. हे दर दोन-तीन गाठोड्यांमागे एकदा घडते, आणि त्याचे उत्तर देणे जड जाते. न धुतलेले कापड गोधडीत घालता येत नाही. घामाचा आणि खोबरेलाचा अंश सुतात राहिला की तो खवट होतो, कापड तिथे पिवळे पडून कुजते, कसर नेमकी तीच जागा शोधते. शिवाय सगळे थर आधी धुतलेले नसतील तर पहिल्या धुण्यात खळीचे कापड आक्रसते, धुवट कापड तसेच राहते आणि आख्ख्या गोधडीवर चुण्या पडतात. त्या नंतर कशानेही जात नाहीत. लाल काठाचा रंगही पाहावा लागतो: पांढरा ओला फडका पाच मिनिटे दाबून ठेवायचा, त्याला गुलाबी छटा आली तर रंग कच्चा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होतो असे सगळे सांगतात. तो होत नाही. ती साडी दोन-तीनदा एकटीच धुवून रंग जाऊ द्यावा लागतो. थंड पाणी, रिठ्याचा फेस, वीस मिनिटे भिजवणे, पिळायचे नाही, सावलीत आडवी वाळवायची.

आणि वास? वास म्हणजे उडून जाणारीच गोष्ट. कपाट जितक्या वेळा उघडले तितका तो गेला. सगळी साडी तशीच ठेवली तर आणखी वर्षभरात वास जातो आणि साडीही जाते. त्यातल्या त्यात चालतो तो उपाय असा, की वास सर्वांत जास्त मुरलेली जागा, म्हणजे मानेजवळचा पदराचा भाग, दीड वीत कापून घ्यावा. घट्ट झाकणाच्या कोरड्या काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा. बरणी वर्षातून एखाद्याच वेळी उघडावी. तिथे डांबरगोळी, अत्तर, कापूर काही ठेवू नये. बाकीची साडी धुवावी. वडिलांना हे पटायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी ते घरूनच बरणी घेऊन आले. लोणच्याची होती, धुतलेली असली तरी झाकणाला हिंगाचा वास होता. ती परत पाठवावी लागली. मग मुलीने नवी आणली. पदराचा तुकडा आत जाऊन झाकण फिरले तेव्हा दोघेही बरणीकडे न पाहता एकमेकांकडे पाहत होते.

बायकोची आठवण ठेवायला ज्याच्याकडे पुष्कळ असते तो मोठे काही करतो. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली ल्युकेमियाने गेल्या. दोराबजींनी त्यांच्यासाठी घेतलेला ज्युबिली हिरा २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९३२ मध्ये रक्ताच्या कॅन्सरच्या संशोधनासाठी त्यांनी पत्नीच्या नावाने न्यास केला आणि त्याच वर्षी तेही गेले. पुढे हिरा विकला, पैसे दोराबजींच्या स्वतःच्या नावाच्या न्यासाकडे आले, आणि त्याच न्यासाने परळला १९४१ मध्ये टाटा मेमोरियल उभे केले. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत "परळला नेलंय" एवढे दोनच शब्द पुरतात. बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयाला नर्गिस दत्त यांचे नाव आहे. त्या १९८१ च्या मे महिन्यात गेल्या, मागे नवरा आणि तीन मुले. याच बार्शीत १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कॅन्सररुग्णांची नोंद ठेवली जाते, ग्रामीण भागातली देशातली ती पहिली नोंदवही. वय, गाव, कोणत्या अवयवाचा, केव्हा कळला. अशा नोंदींमुळे पुढच्या बाईचा आजार लवकर सापडायला मदत होते, म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. पदर उलट्या खांद्यावर गेला होता, हे मात्र तिच्या साडीवरच राहते.

म्हणूनच त्या पिशवीत कोंबलेल्या गाऊनांवरून मन हटत नव्हते. घरच्यांना आजारपण वगळायचे असते, ते समजते. शेवटचे दिवस वाईट असतात, ती बाई ती राहिलेली नसते, आणि मुलांना आईचा तो चेहरा पुसून आधीचा आणायचा असतो. पण वगळता वगळता तिची तीन वर्षे वगळली जातात. त्या तीन वर्षांत ती कुणाच्या तरी परीक्षेला दही-साखर देऊन गेलेली असते, भांडलेली असते, डॉक्टरांना उलट प्रश्न विचारून आलेली असते. आणि कापडाच्या बाजूने बोलायचे तर आख्ख्या गाठोड्यात गाऊनांइतके मऊ काही नसते. रोज धुतलेले, कधी दिवसातून दोनदा. त्यांतल्या एकाच्या गळ्याशी जांभळ्या शाईचा डाग होता. रेडिएशन देताना छातीवर नेमकी जागा आखतात, ती शाई घामाने कापडाला लागते आणि कितीही धुतली तरी फिकी होऊन उरते. आखलेली रेघ पुसली जाऊ नये म्हणून तेवढे आठवडे तिथे साबण लावायचा नाही, घासायचे नाही, सैल सुती कपडाच घालायचा असतो. तेव्हाचा तो गाऊन. मुलीला हे एवढेच सांगितले, की अंगाला लागणारी बाजू सर्वांत मऊ असावी लागते आणि तुम्ही आणलेल्यात हे सर्वांत मऊ आहे. आग्रह केला नाही. तिने पिशवी जाताना नेली नाही, टेबलाखाली राहू दिली. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाली, "काकू, घाला. पण आतल्या बाजूला."

दोन गाऊन पूर्ण उसवले की पाच फूट बाय साडेतीन फूट सलग पट्टा होतो. अस्तराचा वरचा अर्धा भाग त्याचा केला, म्हणजे पांघरल्यावर गळ्यापासून कमरेपर्यंत तेच लागेल. डागाची जागा कापली नाही. खालचा अर्धा निळ्या साडीचा. वरच्या तोंडाला हिरवी इरकल आणि तिच्या कडेने तीन साड्यांचे पदर. मध्ये विरलेले चार थर.

थर लावण्यात घाई केली की सगळे बिघडते. जमिनीवर सतरंजी पसरून तिच्यावर एकेक थर हाताने मधून कडेकडे सारत बसवायचा, आणि मधूनच चारही दिशांना वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालायचे. खरा धावदोरा कडेपासून सुरू होतो आणि चौकोनातल्या चौकोनात फिरत आत येतो. कच्चा टाका घातला नसेल तर फाजील कापड ढकलले जात-जात मधोमध फुगा होतो, आणि फुगा दिसतो तो शेवटच्या दिवशी. दोरा सुतीच घ्यावा. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही हे खरे, पण तो जुन्या कापडाहून बळकट असतो, आणि ओढ बसली की कापड दोऱ्याच्या रेघेने फाटते. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो. दोन ओळींत एक इंच अंतर आणि इंचाला दोन टाके धरले तर पाच बाय सातच्या गोधडीत दहा हजारांवर टाके पडतात. रोज दोन तास दिले तर पंधरा-वीस दिवसांचे काम. जुन्या साडीतून सुई जाताना आवाज होत नाही, गाऊनच्या भागात तर ती पाण्यात बुडाल्यासारखी जाते. बोटांना कापडाचे वय कळते.

या सगळ्या दिवसांत ब्लाऊजमधून निघालेला तो मलमलीचा कप्पा डब्यात पडून होता. स्तन काढल्यावर बायकांना पहिले काही आठवडे हलकी कापसाची गादी वापरायला सांगतात, जखम भरली की पुढे वजनाची. वजन दोन्हीकडे सारखे नसेल तर खांदा एका बाजूला उचलला जातो, मान धरते, पाठ दुखते, आणि ब्लाऊज त्या बाजूने वर सरकत राहतो. सिलिकॉनची तयार गादी मिळते, पण ती महाग. नुसता कापूस भरला तर घामाने त्याच्या गोळ्या होऊन एका कोपऱ्यात बसतात. इथे कुणीतरी विचार केला होता. कापसाच्या मधोमध मोहरीची पुरचुंडी होती. मोहरी बारीक, गोल, दाबली की अंगाचा आकार घेते, टोचत नाही. तान्ह्या बाळाचे डोके गोल राहावे म्हणून राईची उशी करतात ती याच गुणासाठी. वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, हिचीच उशी होती, आणि मुलीकडे हात केला. माळ्यावर होती. दुकानात जायला हिच्या आईला लाज वाटत होती, मापं घेतात म्हणे. मग रात्री दोघांनी मिळून तराजूवर भरली. वजन तिने ठरवले, टाके त्यांनी घातले, कारण तिचा हात वर होत नव्हता.

मुलीला हे कुठलेच माहीत नव्हते.

मोहरी गोधडीत घालता येत नाही. पहिल्या धुण्यात दाणे फुगतात, मग कुजतात, तेलाचा डाग पडतो. म्हणून ती एका पुडीत बांधून दिली आणि कप्पा रिकामाच अस्तराला लावायचे ठरले, गाऊनच्या पट्ट्यावर, पांघरल्यावर डावी छाती येते तिथे. जुन्या टाक्यांची भोके मलमलीवर अजून दिसत होती. त्याच भोकांतून सुई घालून नीट शिवता आले असते. शिवायला घेतलेही होते. पण या टाक्यांसारखा टाका धंद्यातल्या हाताला घालता येत नाही. मुद्दाम वाकडा घातला तरी तो वाकड्याची नक्कल होतो.

गोधडी न्यायला ते आले तेव्हा मुलगी बरोबर होती. अस्तर वर करून टेबलावर पसरले, कप्पा जागेवर टाचण्यांनी धरून ठेवला आणि पांढरा दोरा ओवलेली सुई त्यांच्यापुढे केली. त्यांनी दोरा सुईतून काढून टाकला, स्वतः तोंडात ओला करून दुसऱ्या खेपेला ओवला. अंगुस्तान दिले तर नको म्हणाले. मुलीने कापडाची कड दोन्ही हातांनी ताणून धरली. पहिला टाका अर्ध्या इंचाचा पडला, दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी दोऱ्याचे चार-पाच वेढे घेतले, आणि गाठ आत न लपवता वरच मारली.